उत्तरेचा बाण

१

ज्या टेकडीवर प्रोफेसर टामेन यांनी अर्धं आयुष्य घालवलं, तिच्याच पोटात त्यांचं प्रेत सापडलं. बुधवारी सकाळी उत्खननाच्या चराची एक अख्खी भिंत कोसळलेली दिसली. अग्निशमन दलाने दुपारपर्यंत उपसा केला तेव्हा कुठे प्रोफेसर बाहेर निघाले. उजव्या हातात त्यांची थापी होती, आणि ती सोडवून घ्यायला दोन माणसं लागली.

पोलिसांनी हिशेब चटकन मांडला. मंगळवारी संध्याकाळी चरातून सगळ्यात शेवटी निघाली ती प्रोफेसरांची विद्यार्थिनी स्वरूपा. भिंतीला फळ्या आणि टेकू लावून निघणं हे तिचं काम. फळ्या आणि टेकू तर चराबाहेर गवतावर रचून ठेवलेले सापडले. म्हणजे पोरगी टेकू लावायला विसरली, अंधार पडायच्या आत प्रोफेसर एकदा पाहणी करायला खाली उतरले, भिंत आली, खेळ खलास. सगळं नीट जुळत होतं. लतिकाला आयुष्यात कशाचा संशय येत असेल तर तो अशा पहिल्याच फटक्यात नीट जुळणाऱ्या गोष्टींचा.

लतिका जर्मनीत कोलोनला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होती आणि मोडलेले भाग तपासणं हेच तिचं काम होतं. अॅक्सल का तुटला, बोल्ट का गेला, दोष कुणाचा. कंपनीत सगळे तिला वचकून असत, कारण तिच्या टेबलावर भाग आला की कुणाचं तरी बिंग फुटणार हे ठरलेलं. स्वरूपा तिची भावजय. भाऊ मल्हार वडिलांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलेला, त्यामुळे त्याचा फोन आला आणि शुक्रवारी सकाळची गाडी पकडून लतिका एकटीच उत्तरेला निघाली.

उत्तर समुद्राच्या काठचा तो दलदलीचा मुलूख पाहून तिचं मन आणखीच खाली गेलं. सपाट, ओला, करडा. आभाळ इतकं खाली की हात वर केला तर बोटं ओली होतील. त्या सपाटीत मधेच एक बुटकी टेकडी, तिला तिथे वुर्ट म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वी इथे बांध नव्हते. भरतीला समुद्र सरळ घरात यायचा, तेव्हा इथल्या माणसांनी गुरांचं शेण आणि चिकणमाती थरावर थर रचून उंचवटे केले आणि वर घरं बांधली. पाणी वाढलं की आणखी एक थर. आपण शेणाने अंगण सारवतो, या लोकांनी शेणाचं गावच उभं केलं होतं.

स्वरूपा गावातल्या भाड्याच्या खोलीत खिडकीशी बसली होती. केस विंचरलेले नव्हते. लतिकाने जवळ घेतलं तरी ती रडली नाही, आणि तेच लतिकाला फार लागलं.

"ताई, उद्या सकाळी मी पोलिसांच्या कमिसारिन ब्रुन्सना सांगणार आहे की मी विसरले," ती म्हणाली.

"विसरलीस का?"

"मला आठवतंय की मी लावले. एकेक फळी ओढून पाहिली, रोज पाहते तशी. पण ते रोजचंच आहे ना. कालचं आठवतंय की परवाचं, काय माहीत? फळ्या गवतावर होत्या, ताई. सगळ्यांनी पाहिल्या. मग मीच विसरले असेन."

खटला होईल, डॉक्टरेट जाईल, हे लतिकाने गाडीतच गृहीत धरलं होतं. पण हे निराळं होतं. स्वतःच्या हातांनी केलेल्या कामावरचा पोरीचा विश्वास उडाला होता. उद्या सकाळी तिने सही केली असती की तो कायमचा गेला असता.

"सही उद्या आहे ना? मग आज चल, मला ती टेकडी दाखव," लतिका म्हणाली.

२

टेकडीवर पोलिसांच्या फिती वाऱ्याने फडफडत होत्या. तपास आटोपला होता, राखण करायला कुणी नव्हतं. एका बाजूला कामाचा कंटेनर, त्याला लागून प्रोफेसरांचा कॅरव्हॅन. एकटा जीव, उन्हाळा-हिवाळा इथेच राहायचा. रात्री परत आले नाहीत तर वाट पाहणारं त्यांना कुणी नव्हतं.

गवतावरच्या फळ्या अजून तशाच होत्या. लतिका बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. लांबीप्रमाणे लावलेल्या, कडा जुळवलेल्या, टेकू शेजारी एका रांगेत. कामाच्या घाईत विसरलेल्या फळ्या अशा दिसत नाहीत, असं तिला वाटलं. पण वाटण्याला कोण विचारतो.

चराच्या पडलेल्या बाजूकडे स्वरूपा बघत नव्हती. लतिकाने मुद्दाम तिला कामाचं विचारलं, तेवढाच तिला विरंगुळा. हे थर कसे ओळखता, शेण कुठलं आणि माती कुठली? स्वरूपा गुडघ्यावर बसली आणि तिने शाबूत भिंतीचा एक काळा पापुद्रा थापीने खरवडून काढला. आतून हिरवट-पिवळा रंग निघाला, गवताच्या काड्यांसकट. गोठ्यातून कालपरवा आणावं इतकं ताजं शेण.

"दोन हजार वर्षं हवा लागली नाही म्हणून असं राहिलंय," ती म्हणाली, आणि या शेणातल्या बियांवरून त्या गावातली गुरं कुठे चरत होती ते कसं कळतं, हे सांगू लागली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव आला. लतिका ऐकत राहिली. सांगणं संपेपर्यंत खरवडलेली जागा बाकीच्या भिंतीसारखी काळीकुट्ट झाली होती. चहा उकळून गाळायला लागतो, त्याहून फार जास्त वेळ लागला नव्हता.

तेवढ्यात कपिल आला. कार्ल्सरूहेच्या विद्यापीठातला, भिंतींचे फोटो आणि थ्रीडी स्कॅन करायला या उत्खननावर लागलेला. नाशिकचा. स्टीलच्या डब्यात मुगाची खिचडी घेऊन आला होता. बुधवारपासून दोन्ही वेळचा डबा तोच आणतोय, असं स्वरूपाने आधीच सांगितलं होतं, आणि परमुलखात असा एखादा माणूस भेटतो म्हणून निभावतं, असं लतिकाच्या मनात आलं होतं.

भिंत पडलेली पहिल्यांदा पाहिली ती कपिलनेच. स्वरूपा त्या दिवशी पहाटेच शहरात गेली होती. व्हिसा वाढवायचा म्हणून आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, तिला त्या दिवसाची वेळ मिळाली होती, दुपारपर्यंत ती तिथल्या बाकावर नंबराची वाट बघत बसलेली. मंगळवारी संध्याकाळी कपिल कुठे होता हे पोलिसांनी विचारलं होतंच. तो दुपारीच ब्रेमेनला गेला होता, मित्राच्या वाढदिवसाला. दहा-बारा साक्षीदार. रात्रीच्या शेवटच्या गाडीने परत आला.

"सकाळी आलो, भिंत पडलेली. सर खाली असतील हे डोक्यातच आलं नाही, ताई," कपिल म्हणाला. "इथला नियम असा की काहीही झालं तरी मातीला हात लावायच्या आधी फोटो. तो काढला. मग सरांना शोधलं, ते कॅरव्हॅनमध्ये नव्हते, तेव्हा फोन केला."

त्याने टॅब्लेटवर तो फोटो दाखवला. पोलिसांनाही हाच दिला होता. स्वरूपा उठून लांब गेली. तिने तो फोटो अजून एकदाही पाहिला नव्हता आणि पाहायची तिची तयारीही नव्हती. ढगाळ उजेड, सावली कशाचीच नाही. सगळा तळ झाकून टाकणारा फुटलेल्या ढेकळांचा ढीग, समोरच्या भिंतीवर झाकायला लावलेली पांढरी प्लास्टिकची फोली, आणि ढिगाच्या कडेवर उत्तर दिशा दाखवणारा काळा-पांढरा छोटा बाण, पद्धतीप्रमाणे ठेवलेला. लतिकाने फोटो आपल्या फोनवर मागून घेतला. त्यात काहीतरी तिला खटकलं, पण काय ते हाताला लागेना.

"खरं सांगू का?" कपिल हळू आवाजात म्हणाला. "स्वरूपाला गोवण्याआधी त्यांनी ओनो हार्म्सला विचारायला हवं होतं. जमीन त्याची. मंगळवारी सरांशी कडाडून भांडला होता."

३

ओनो हार्म्स साठीचा, आडव्या हाडाचा शेतकरी होता. गोठ्यात गाईंची धार काढत होता आणि दोघी आल्या तरी मान वर केली नाही. भांडण झालं हे त्याने लगेच कबूल केलं. ही कुरणं त्याच्या आजापणजापासूनची. प्रोफेसर दर वर्षी म्हणायचे, एवढंच वर्ष. मंगळवारी म्हणाले, अजून तीन वर्षं.

मग संध्याकाळी तुम्ही कुठे होता, असं लतिकाने विचारलं. इथेच, असं तो म्हणाला. टेकडीवर गेला नाहीत? नाही. रात्री? नाही. प्रत्येक नाही आधीच्यापेक्षा हळू येत होता. गोठ्याच्या भिंतीवर विजेची पेटी होती आणि तिच्यातून एक जाड नारिंगी केबल बाहेर निघून कुरणावरून थेट टेकडीकडे गेली होती. ओनोची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"ती केबल कशाची?" लतिकाने विचारलं.

म्हातारा बादलीशेजारी खाली बसला. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली.

"मी मारलं त्याला," तो म्हणाला. "त्या मुलीने नाही. मी."

४

स्वरूपाने लतिकाचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. पण ओनोने जे सांगितलं त्याला खून म्हणता आलं नसतं. टेकडी दलदलीत, चरात सतत पाणी झिरपतं, ते उपसायला दिवसरात्र पंप चालतो. पंपाची वीज ओनोच्या गोठ्यातून. मंगळवारी तो रागात होता. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने बटण बंद केलं आणि झोपायला गेला. सकाळी चर पाण्याने भरलेला बघू दे त्यांना, एवढीच खोडी. बुधवारी अग्निशमन दलाचे भोंगे ऐकले, तेव्हा धावत जाऊन पुन्हा चालू केलं. पोलीस चरात उतरले तोवर पंपाने पाणी ओढून घेतलं होतं. तेव्हापासून म्हातारा जेवला नव्हता. पाण्याने पाया भिजला, भिंत आली, माणूस गेला, असं धरून बसला होता.

"पाणी किती साचतं रात्रीत?" लतिकाने स्वरूपाला विचारलं.

"सकाळपर्यंत घोट्याच्या वर. पण पहिले दोन-तीन तास काहीच नाही, तळ नुसता ओला होतो."

लतिका गोठ्याच्या दारात उजेडाला आली आणि तिने फोनवर तो फोटो उघडला. मघाशी हाताला लागत नव्हतं ते आता समोर उभं राहिलं. समोरच्या पांढऱ्या फोलीवर चिखलाचे शिंतोडे होते, खांद्याइतक्या उंचीपर्यंत उडालेले. ओल्या तळावर ढेकूळ पडलं तर थप्प आवाज होतो आणि तिथेच बसतं. शिंतोडे उडायला खाली पाणी लागतं.

चरात पाणी साचलं होतं ते पहाटे. मग भिंत संध्याकाळी कशी पडेल?

साप साप म्हणून भुई धोपटायची तसं चाललं होतं सगळ्यांचं. संध्याकाळी कोण कुठे होतं, सगळे हेच विचारत होते. कमिसारिन विचारत होती, ओनो स्वतःला विचारत होता, स्वरूपा तर झोपेतही तेच विचारत असणार. बुधवारच्या सकाळबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, कारण भिंत रात्रीची पडलेली आहे हे सगळ्यांनी धरलेलं. आणि हे सगळ्यांना सांगितलं कुणी?

लतिकाला खिचडीचा डबा आठवला. असं नसू दे, असं तिने मनापासून म्हटलं, आणि मग ऑफिसात करते तेच केलं. फोटो मोठा केला आणि मोडलेली बाजू पाहिली. लोखंड तुटलं की मोडलेल्या जागेवर नजर टाकली तरी कळतं. जुनी भेग गंजून काळी पडलेली असते, नवी चकाकते. ढेकळांच्या फुटलेल्या कडांवर ती बोट ठेवून थांबली.

"स्वरूपा," ती म्हणाली, "तुला एक गोष्ट करावी लागेल. ती तुला आवडणार नाही."

५

कपिल कंटेनरमध्ये लॅपटॉपपाशी बसला होता. दोघींना पाहून त्याने खुर्च्या ओढल्या, ओनो काय म्हणाला ते विचारलं. लतिकाने फोन टेबलावर ठेवला आणि फोटो स्वरूपाकडे वळवला.

स्वरूपाने आधी डोळे मिटले. मग उघडले. मग ती खाली वाकली आणि लतिकाने पाहिलं की तिचा चेहरा बदलला. इतके दिवस अंगात भरून राहिलेली भीती बाजूला झाली आणि तिथे या कामातलं माणूस येऊन बसलं.

"कपिल," ती म्हणाली, "हे हिरवं आहे."

तो हसायला गेला. "म्हणजे? आपले सगळेच फोटो हिरवे असतात."

"सगळे फोटो खरवडल्याबरोबर काढतो म्हणून. हवा लागली की काळं पडतं. भिंत रात्री पडली असती तर सकाळी एकेक ढेकूळ काळं दिसलं असतं. हे सगळं हिरवं आहे. भिंत पडली तेव्हा तू इथे उभा होतास."

ती थांबली नाही, तिला थांबता येईना. पोलीस आले तेव्हा सगळं काळं झालेलं होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि कपिलच्या तर येणारच नव्हतं. तो कॅमेरा लावायचा, टिपायचा आणि कंटेनरमध्ये जाऊन बसायचा. त्याने ही माती कायम नुकती खरवडलेलीच पाहिली होती.

फोलीवरच्या शिंतोड्यांचं लतिकाने सांगितलं. मंगळवारी अंधार पडेपर्यंत तळावर पाणी नव्हतं, स्वरूपाचे टेकू रात्रभर जागेवर होते. सकाळी ते कुणीतरी काढले, आणि फोटोच्या चौकटीत येऊ नयेत म्हणून गवतावर नीट रचून ठेवले. विसरलेलं सामान असं रचलेलं नसतं, ते तिला आल्याआल्याच वाटलं होतं. हातात थापी घेऊन कुणी पाहणी करायला उतरत नाही. भिंत खरवडायला उतरतो.

कपिलने लॅपटॉप मिटला. मग त्याने सांगितलं, आणि सांगताना तो लतिकाकडे बघत होता, स्वरूपाकडे नाही. त्या भिंतीत एका गोठ्याचा सगळा उभा छेद आला होता, असा पुन्हा मिळणार नव्हता. फळ्या मधे येत होत्या. सर म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यांनी फळ्यांना हात लावला नाही. हात कपिलने लावला. पाणी साचलेलं दोघांनी पाहिलं, पंप अडला असेल, असं सर म्हणाले आणि बूट चढवून उतरले. सर रंग उघडा करायला खरवडत होते, कपिल कॅमेऱ्यामागे होता. भिंत एकदम आली.

"मी मारलं नाही त्यांना, ताई."

"नाही," लतिका म्हणाली. "पण ती संध्याकाळी पडली, असं भिंतीने कुणाला सांगितलं नव्हतं."

त्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं, घरी लहान मुलगी होती, टेकू काढले म्हणून नाव लागलं असतं तर सगळंच संपलं असतं. स्वरूपाचं काही होईल असं त्याला वाटलं नव्हतं. ती विसरली असं धरून थोडी बोलणी खाईल, एवढंच. प्रकरण इतकं वाढल्यावर परत फिरायला जागा राहिली नाही, म्हणून तो डबे आणत राहिला.

स्वरूपा अजून फोटोकडेच बघत होती.

"बाण कधी ठेवलास?" तिने विचारलं.

"काय?"

"उत्तरेचा बाण. भिंतीच्या फोटोला आपण बाण लावत नाही, नुसती मोजपट्टी. बाण लागतो वरून काढलेल्या फोटोला. म्हणजे हा तू भिंत पडल्यावर ठेवलास."

कपिलने मिटलेला लॅपटॉप बाजूला सरकवला.

"सर खाली होते, आणि तू बाण ठेवलास."

"सवय आहे, स्वरूपा," तो म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी लहान झाला होता. "मला काही सुचत नव्हतं. हात आपोआप..."

"आपोआप नाही होत ते." ती रडत होती, पण शब्द स्वच्छ येत होते. "इथे सगळीकडे सारखं दिसतं, उत्तर अंदाजाने लागत नाही. खिशातून कंपास काढावा लागतो. बाणाशेजारी ठेवावा लागतो. आणि सुई हलायची थांबेपर्यंत थांबावं लागतं."

कंटेनरच्या पत्र्यावर पाऊस वाजू लागला. लतिकाने कमिसारिन ब्रुन्सचा नंबर लावला आणि फोन कानाशी धरून ती बाहेर आली.

फोन झाल्यावर तिने पाहिलं तर स्वरूपा फितीखालून चरात उतरली होती. पडलेल्या भिंतीच्या शेजारची भिंत अजून उभी होती, पण तिच्या टेकूंना धक्का बसून त्यातले दोन सुटले होते. पावसात उभी राहून ती ते पुन्हा लावत होती. सगळे लावून झाल्यावर तिने एकेक फळी धरून ओढून पाहिली. एकही हलली नाही.

"मी लावले होते, ताई," ती खालून म्हणाली.

"हो गं," लतिका म्हणाली, आणि तिला वर घ्यायला तिने हात पुढे केला.